एका पट्टीवर तीन हत्यारं

खिशातल्या घडीच्या चाकूचं पातं सावकाश उघडत न्या. आधी ते विरोध करतं, मग सैल पडतं आणि शेवटच्या थोड्याशा अंतरात आपणहून पुढे झेपावून ‘खट्’ करून बसतं. हा खटका म्हणजे एका पोलादी पट्टीची करामत आहे. पात्याचं बूड गोल नसतं, त्याला सपाट बाजू आणि कोपरे असतात. पाठीमागची पट्टी त्या बुडावर सतत दाब देत असते. पातं फिरताना बुडाचा कोपरा पट्टीला किंचित उचलतो, आणि कोपरा सरला की पट्टी सपाट बाजूवर आदळते. पातं जागच्या जागी राहतं ते तिच्याच दाबामुळे. आत कुलूप नाही, खीळ नाही. लवचिक पोलादाची एक काडी, बस्स.

या काडीवर स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी जे केलं, ते आजही थक्क करतं. एल्सनर यांनी १८८४ मध्ये चाकूंचा कारखाना काढला. १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले घडीचे चाकू मिळाले ते मात्र जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये बनलेले. हे काम आपल्याच देशात व्हावं म्हणून एल्सनर झटले. सैनिकाच्या त्या चाकूत पातं, टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि बंदूक खोलायला स्क्रू-ड्रायव्हर होता. अधिकाऱ्यांसाठी हलका आणि तरीही जास्त कामाचा चाकू हवा, असं एल्सनर यांच्या मनात होतं. पट्टीच्या एका अंगाला हत्यारं बसतात, तर तिचं दुसरं अंग रिकामं का ठेवायचं? तीच पट्टी पाठीमागच्या हत्यारालाही दाबून धरेल! १२ जून १८९७ रोजी नोंदवलेल्या त्या चाकूत फक्त दोन पट्ट्यांवर सहा हत्यारं नांदत होती. एल्सनर यांच्याच कारखान्याचा आजचा लाल चाकू, व्हिक्टोरिनॉक्स, त्याच युक्तीवर उभा आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चाकू वरून एकसारखा चकचकीत दिसतो, पण त्यातलं पोलाद जागोजागी वेगळ्या कठीणपणाचं असतं. पोलादाचा कठीणपणा मोजताना हिऱ्याचं टोक १५० किलोंच्या भाराने त्यात दाबतात आणि ते किती रुतलं त्यावरून रॉकवेल अंक ठरतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचा अंक ५६. करवत, कात्री आणि कानस ५३. स्क्रू-ड्रायव्हर, डबा उघडायचं हत्यार आणि टोच्या ५२. पट्टी ४९. कठीण पोलाद धार टिकवतं, पण ते ठिसूळ असतं आणि पीळ सोसत नाही. म्हणून पात्याला कडक पाणी दिलेलं असतं, पिळाच्या हत्यारांना त्याहून सौम्य आणि हजारो वेळा वाकायचं नशीब असलेल्या पट्टीला सगळ्यांत सौम्य. तळहातावर मावणाऱ्या वस्तूत चार स्वभावांचं पोलाद शेजारी शेजारी राहतं. स्वस्तातली नक्कल इथेच उघडी पडते: हत्यारांची संख्या तेवढीच असते, पण घट्ट स्क्रूला पीळ दिला की टोक वळतं.

अवजार जवळ बाळगायची सवय आपल्याकडे परकी नाही. आजोबांच्या कमरेच्या चंचीत पान, चुना, सुपारी आणि अडकित्ता असायचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नाना आकारांचे अडकित्ते मांडलेले आहेत, ते जरूर पाहावेत. अडकित्त्यात बिजागरी एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मधे, बिजागरीच्या जवळ. जितकी जवळ तितका जोर जास्त. मल्टिटूलच्या, म्हणजे अनेक हत्यारं एकात असलेल्या अवजाराच्या, पक्कडीतही हाच हिशेब आहे, फक्त बिजागरी हात आणि जबड्याच्या मधे आलेली असते. वायर कापायची धार जबड्याच्या अगदी मुळाशी का असते, हे इथे कळतं. बिजागरीपासून ८ सेंटिमीटरवर तुम्ही २० किलोंचा दाब दिलात, तर १ सेंटिमीटरवरच्या तारेला तो १६० किलोंचा लागतो.

ही पक्कड खिशात आणली अमेरिकेच्या टिम लेदरमन यांनी. १९७५ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी जुन्या फियाट ६०० गाडीतून युरोपभर फिरत होते. गाडी कुरकुरायची, हॉटेलांचे नळ गळायचे, खिशात साधा चाकू होता आणि प्रत्येक वेळी उणीव भासायची ती पक्कडीची. १९८० मध्ये पेटंट मिळालं आणि विक्री सुरू व्हायला १९८३ उजाडलं. त्यांची सुंदर कल्पना अशी की पक्कडीच्या मुठी पोकळ पन्हळीसारख्या करायच्या, जबडा त्यांत दुमडून झाकायचा आणि बाकीची हत्यारंही त्याच पन्हळीत ठेवायची. मूठच पेटी आणि मूठच तरफ!

आता नवी मुंबईतल्या खारघरमध्ये राहणाऱ्या माणसाने यातलं काय घ्यावं? कॅटलॉग बाजूला ठेवून आपला दिवस पाहावा. सकाळी कुकरच्या मुठीचा स्क्रू ढिला, दारात आलेलं पार्सल, पोराच्या खेळण्याच्या बॅटरीचं झाकण, हार्बर लाइनवर निघालेला बॅगेच्या चेनचा रनर, चष्म्याची काडी. या यादीत करवत कुठेही नाही. कात्री आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर मात्र रोज आहेत. अशा माणसाला ५८ मिलिमीटरचा, जेमतेम २१ ग्रॅमचा किल्ल्यांच्या जुडग्यातला चाकू पुरतो. मोठ्या ९१ मिलिमीटरच्या काही चाकूंत बूच काढायच्या पिळदार स्क्रूच्या पोटात चष्म्याचा इवलासा स्क्रू-ड्रायव्हर फिरवून बसवता येतो. तो पिळदार स्क्रू आपल्याला बुचासाठी क्वचितच लागेल, पण नाडीची आवळलेली गाठ त्याने झकास सुटते. तळोजा एमआयडीसीत कामाला जाणारा किंवा बुलेट स्वतः उघडणारा असेल, तर त्याने पक्कडवालाच घ्यावा. व्हिक्टोरिनॉक्सचा तेहतीस कामांचा स्विसचॅम्प देखणा आहे यात शंका नाही, पण त्याचं वजन १८५ ग्रॅम. तो आठवड्याभरात खिशातून कपाटात जातो, आणि कपाटातल्या हत्याराचा बेलापूर स्टेशनवर उपयोग शून्य. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: पक्कडीच्या मुठी धातूच्या आहेत. स्विचबोर्डला हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

पातं हवं की नको, हा प्रश्न आपल्या शहरात खरा आहे. शस्त्र नियमांची परवान्याची अट ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांसाठी आहे, आणि घरगुती किंवा कामाची अवजारं तीतून वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यांत चाकूही येतात. मॉलच्या दारात किंवा स्टेशनवर तपासणी झाली, तर लहान पात्याचाही खुलासा करत बसावं लागतं. रोज गर्दीतून जाणाऱ्याने बिनपात्याचं, कात्रीवालं मॉडेल घेतलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे. पार्सलची टेप कात्रीनेही तेवढीच सुटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून जायचं असेल, तर आदल्या रात्रीच टूल चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेतला चाकू तिथे अडकणारच.

उरला पाऊस आणि खाडीची खारी हवा. स्टेनलेस पोलादातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार करतं, आणि ओरखडा पडला तरी तो स्वतःच पुन्हा सांधतो. मिठातलं क्लोराइड मात्र त्याला भोकं पाडतं. त्यातून पात्यांच्या सांध्यात घामाचं पाणी साचलं की तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि पापुद्रा सांधतच नाही. म्हणून गंज दर्शनी भागावर न येता आत, बिजागरीशी धरतो. कोमट पाण्यात साबण घालून टूल उघड-मीट करावं, पूर्ण वाळवावं आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खायचं तेल नको, ते चिकट होऊन कचरा धरतं.

दुकानात गेलात की प्रत्येक हत्यार उघडून पाहा. नखाने उघडत नसेल, तर ओल्या हाताने ते मुळीच उघडणार नाही. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, जबड्याची टोकं आधी भिडली पाहिजेत. मूठ जोरात आवळा. तळहाताला कडा रुतत असेल, तर दुसरं मॉडेल मागा. आणि शेवटी पातं किंवा स्क्रू-ड्रायव्हर उघडून बाजूला हलवा. डुगडुगलं, तर दुकानदार कितीही कमी किमतीत देत असला तरी परत ठेवा.