वकिलांचे उशिरा आलेले बिल

दाव्याचा निकाल लागून वर्ष लोटल्यावर वकीलसाहेबांचे अनपेक्षित बिल यावे आणि ‘आधी पैसे, मग कागद’ असे बजावले जावे, की पक्षकार गांगरतो. परंतु मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरविले, की फीसाठी पक्षकाराचे कागद अडविण्याचा अधिकार वकिलास नाही; तसे करणे हे गैरवर्तन होय. फीकरिता त्याने रीतसर दावा लावावा. म्हणून प्रथम पत्राने तपशीलवार हिशेब मागावा, पावत्यांशी ताडावा आणि मान्य रक्कम चुकती करावी. ग्राहक आयोगाचे दार २०२४ च्या निर्णयाने बंद झाले आहे. मात्र कागद अडविल्यास राज्याच्या वकील परिषदेकडे तक्रार करता येते. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीच फी लिहून घेतली, तर ही वेळच येणार नाही.