‘बांगडो’ चुकीचा नाही : वर्गातला भेदभाव नेमका कुठे होतो?

मालवण : समजा, पहिलीच्या वर्गात बाईंनी विचारलं, वही कुठे आहे? पोर म्हणालं, “घराक रवली.” सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून ते पोर गप्प. किनारपट्टीच्या शाळांत हे नवीन नाही. मारलं नाही, रागावलं नाही, पण भेदभाव झालाच.

मालवणीत पुल्लिंगी शब्दांच्या शेवटी ‘ओ’ येतो. बांगडा नव्हे बांगडो, घोडा नव्हे घोडो. ‘मला-तुला’च्या जागी ‘माका-तुका’. हा त्या बोलीचा नियम आहे, गोव्याच्या कोकणीतही तो सापडतो. म्हणजे मूल चुकत नाही, घरच्या व्याकरणानं बरोबर बोलतंय. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, परीक्षा तीतच आहे. पण ‘बांगडो’वर लाल फुली मारण्यापेक्षा फळ्यावर दोन रकाने करून ‘घरात’ आणि ‘पुस्तकात’ असं लिहिलं की काम होतं. खर्च खडूचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येही शक्य तिथवर मातृभाषेतून आणि भीतीशिवाय शिकवा, असंच म्हटलंय.

वेगळं बसवण्याचा इतिहास आपल्या कोकणात जुना आहे. 1890च्या दशकात दापोलीच्या नगरपालिका शाळेत महार पेन्शनरांच्या मुलांना प्रवेशासाठी झगडावं लागलं, आणि मुलांना बसायला जागा मिळाली ती व्हरांड्यात. आजचा व्हरांडा दिसत नाही एवढंच. आडनाव विचारून बाक ठरतो, पुढच्या चार हुशारांनाच प्रश्न जातात, केर काढायला नेहमी मुलीच उठतात, आणि मासळीच्या वासावरून रापणकाराच्या पोराची थट्टा होते. (थट्टा करणाऱ्याच्या जेवणात त्या दिवशी सुंगटाचं सार असतं, ही गोष्ट निराळी.)

मग कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. कलम 17 नं मारणं तर बंद केलंच, मानसिक छळही बंद केला. चारचौघांत ‘तुझ्या डोक्यात काय शिरणार नाही’ म्हणणं त्यात येऊ शकतं. कलम 28 प्रमाणे शिक्षकानं खासगी शिकवणी घ्यायची नाही. याचं कारण साधं आहे. शिकवणीला येणारा आणि न येणारा, दोघं एकाच वर्गात बसले की नजर सारखी राहत नाही. अपंग मुलांसाठी 2016 चा वेगळा कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय. वाचताना अक्षरं उलटसुलट दिसणारं मूलही त्यात बसतं. आपल्याकडे अशा पोराला सरळ ‘आळशी’ म्हणून मोकळे होतात.

जिल्ह्यातल्या चिरेखाणींवर कर्नाटकातून कुटुंबं येतात. त्यांची मुलं घरी कन्नड बोलतात, वर्षाच्या मध्येच येतात, मध्येच जातात. दाखला नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही. कलम 4 नुसार वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला जादा शिकवणं द्यायचं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवून ठेवायचं नाही.

आता शिक्षकांचीही बाजू आहे. गावातल्या छोट्या शाळेत दोन शिक्षक, चार इयत्ता, वर पोषण आहार, ऑनलाईन माहिती, निवडणुकीची कामं. चौथीला गणित देताना पहिलीकडे पाठ होणारच. अशा वेळी जो आपणहून बोलतो त्याच्याकडेच लक्ष जातं, यात कुणाचा वाईट हेतू नसतो. त्यावर साधा उपाय म्हणजे नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि ज्याची निघेल त्याला विचारायचं. केर-पाण्याची पाळी हजेरीच्या क्रमानं, मुलगा-मुलगी न बघता. जेवणाच्या पंगतीतली जागा रोज बदलायची.

पालकांनी बोलायचं कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि दुर्बल घटकातल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हवी. पुष्कळ ठिकाणी सभेची वही सहीसाठी घरोघर फिरते. आयशीनं ती सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचून मागावं, आणि आपल्या झिलाला वर्गात शेवटचा प्रश्न कधी विचारला गेला, ते सभेत उभं राहून विचारावं. मालवणीत विचारलं तरी इतिवृत्तात नोंद घ्यावीच लागते.