चष्म्याची मुदत

तीन-चार वर्षांचे मूल डोळ्यांवर चष्मा लावून आईबरोबर सोलापूरच्या नव्या पेठेतून चालले असता ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून जो पहिला उद्गार निघतो, तो बहुधा ‘अरेरे, एवढ्याशा पोराला चष्मा!’ असाच असतो. आणि त्या उद्गारातली हळहळ कितीही प्रामाणिक असली, तरी तिने त्या माउलीच्या मनात अपराधाचे जे शल्य रुतते, त्याची हळहळणाऱ्याला क्वचितच दाद असते. गरोदरपणी आपल्या खाण्यापिण्यात काही उणे पडले काय, मुलाच्या हाती मोबाइल दिला तो भोवला काय, वेळच्या वेळी गाजरे खाऊ घातली असती तर ही पाळी टळली असती काय, असे नाना प्रश्न तिला रात्री छळतात. वस्तुतः इतक्या कोवळ्या वयात लागणाऱ्या चष्म्याचे कारण बहुतेक वेळा नेत्रगोलाच्या घडणीत असते. जन्मसमयी सुमारे 17 मिलिमीटर लांबीचा असलेला हा गोल प्रौढपणी सुमारे 24 मिलिमीटरपर्यंत वाढतो. ही वाढ मागे राहिली, प्रमाणाबाहेर गेली, किंवा बुबुळाची वक्रता सर्व बाजूंनी सारखी नसली, म्हणजे प्रतिमा पडद्यावर स्पष्ट पडत नाही. यात आईचा गुन्हा कोणता?

परंतु अपराधातून मुक्त झालेल्या आईबापांना जबाबदारीतून मात्र मुक्त होता येत नाही, आणि ती जबाबदारी मुदतीची आहे. मोठ्या माणसाचा चष्मा ही केवळ सोय असते; तो घरी विसरला, तर वर्तमानपत्र वाचायचे राहील, याहून अधिक हानी होत नाही. लहान मुलाची गोष्ट मुळातच निराळी. पाहणे ही क्रिया डोळ्याने आरंभिलेली असली, तरी ती पुरी होते मेंदूत. आणि पाहण्याचे हे शिक्षण मेंदू आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांतच मुख्यतः घेत असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा कोवळ्या वयात काही काळ बंद ठेवून असे दाखवून दिले, की पुढे तो डोळा उघडला, आणि डोळा म्हणून त्यात काही वैगुण्य नसले, तरी मेंदूने त्याची दखल घेण्याचे सोडून दिलेले असते. दृष्टीविषयीच्या या संशोधनाबद्दल त्यांना 1981 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मुलाच्या एका डोळ्याचा नंबर मोठा आणि दुसऱ्याचा अल्प असेल, तर नेमके हेच घडते: मेंदू स्पष्ट प्रतिमा पत्करतो, अंधुक प्रतिमा नामंजूर करतो, आणि नाकारलेला डोळा, डॉक्टर ज्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात, तसा होऊन बसतो. मुदत टळल्यावर दाखल केलेल्या दाव्याला न्यायालयात जी वागणूक मिळते, तीच मग पुढे विसाव्या वर्षी लावलेल्या उत्तमातल्या उत्तम चष्म्यालाही मिळते.

यातली खरी अडचण अशी, की मूल तक्रार करीत नाही. ज्याला जग प्रथमपासूनच अंधुक दिसत आले, त्याला ते स्पष्ट असते याची वार्ता कोठून असणार? म्हणून पुरावा मोठ्यांनीच गोळा करावयाचा असतो: मूल मान वाकडी करून पाहते काय, दूरचित्रवाणीच्या अगदी जवळ जाऊन बसते काय, उन्हात एक डोळा मिटते काय, त्याचा एखादा डोळा नाकाकडे वळतो काय. किंचित तिरळेपणा भाग्याचा म्हणून कौतुक करण्याची चाल कित्येक घरांत अद्यापि आहे. ती मोडली पाहिजे. छायाचित्रात किंवा प्रत्यक्षात डोळ्याच्या एखाद्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर मात्र एक दिवसही न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे जावे, कारण तिच्यामागे क्वचित जिवावर बेतणारी गाठही असू शकते.

‘पोराला अक्षरओळख नाही, तो नंबर काय सांगणार?’ ही शंका साहजिक असली, तरी निराधार आहे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने 1862 साली अक्षरांचा तक्ता रूढ केला हे खरे. पण ज्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कानडी आणि तेलुगू या तीन भाषा नांदतात, तेथे अक्षराविना होणारी परीक्षाच अधिक उपयोगी. घर, सफरचंद, वर्तुळ आणि चौकोन अशी चार चिन्हे फिनलंडच्या लेआ ह्यूवारिनेन या डॉक्टरीणबाईंनी मुलांसाठी योजली. मुलाने हातातल्या चित्रावर बोट ठेवले की पुरे. त्याहून लहान मुलाचा तर एक शब्दही लागत नाही. पाच वर्षांखालील मुलासाठी पुष्कळदा डॉक्टर अॅट्रोपिनचे मलम देतात. ते तीन दिवस घरीच डोळ्यांत घालावयाचे असते, म्हणजे डोळ्याचा स्नायू शिथिल होऊन नंबर लपवू शकत नाही. मग अंधाऱ्या खोलीत, आईच्या मांडीवर बसलेल्या मुलाच्या बाहुलीत डॉक्टर प्रकाशाची एक पट्टी डावी-उजवी हालवतात, आतून परतणारी तांबूस झळाळी कोणत्या दिशेने सरकते ते पाहतात, आणि समोर एकामागून एक भिंगे धरून ती झळाळी स्थिर झाली, की नंबर कागदावर उतरवतात. मलमाने गाल लाल झाले, ताप आला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे. आणि बाहुल्या आठ-दहा दिवस विस्फारलेल्या राहत असल्याने सोलापूरच्या उन्हात मुलाला टोपी घालूनच बाहेर न्यावे.

चष्मा आणल्यानंतरचा आठवडा कसोटीचा. चौकट नाकावर बसेल अशी, हलकी आणि कानामागून लवचीक पट्ट्याने धरलेली असावी. भिंगे काचेची नसावीत, पॉलिकार्बोनेटची असावीत, कारण मूल पडणारच. पारा चाळिशीपार गेला की घामाने चष्मा घसरतो, आणि मूल भिंगावरून पाहू लागते. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी दुकानदाराकडून चौकट नीट करून घेणे अगत्याचे आहे. भिंगावर बसलेली धूळ सोलापुरी टॉवेलाने किंवा पदराने कोरडी पुसली, म्हणजे चरे पडतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरातही वाटीभर पाणी भिंगे धुण्यासाठी राखून ठेवावे, आणि मग ती मऊ फडक्याने टिपून घ्यावीत. चष्मा दोन्ही हातांनी काढणे आणि भिंगे वर करून ठेवणे, ही सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावावी.

सगळ्यांत मोठा घोटाळा होतो तो तिरळेपणाच्या बाबतीत. मोठ्या ‘अधिक’ (प्लस) नंबराच्या मुलाचे डोळे चष्मा लावताच सरळ होतात, आणि रात्री तो काढताच पुन्हा नाकाकडे वळतात. हे पाहून आजी निकाल देते, की चष्म्यानेच पोराचे डोळे बिघडवले. वास्तविक चष्म्याविना स्पष्ट पाहण्यासाठी त्या डोळ्यांना जो ताण द्यावा लागतो, त्याच ताणाने ते आत ओढले जातात. चष्मा तो भार उचलतो. चष्म्याने नंबर वाढत नाही आणि तो न लावल्याने घटतही नाही, ही गोष्ट आजीला आदराने, पण ठामपणे समजावून सांगितली पाहिजे, कारण दिवसाचे निम्मे तास नातवंड तिच्याच ताब्यात असते.

आळशी डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावयास सांगितली असेल, तर ती थेट त्वचेवर चिकटवावी. चष्म्याच्या भिंगावर लावली, तर मूल कडेने डोकावते. मध्यम प्रकारच्या दोषाला रोजचे दोन तास पुष्कळदा पुरतात. ते दोन तास पोरगे रडतच काढणार हे गृहीत धरू नये; चित्रे रंगवणे, मणी ओवणे, डाळीतले खडे वेचणे यांत ते सहज सरतात. यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या बापाला, किंवा तेंदूचे पान बेताने कापून विडी वळणाऱ्या आईला, जवळच्या बारीक नजरेचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. त्यांनी आपल्या कामाचा खेळ करून मुलापुढे ठेवावा. पट्टीचा काळ मात्र स्वतःच्या अकलेने वाढवू नये, कारण अतिरेकाने चांगला डोळाही मंदावू शकतो. फेरतपासणीची तारीख म्हणूनच चुकवावयाची नसते.

खर्चाची सबब या कामी फारशी टिकत नाही. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला, त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात. नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मा देण्याची तजवीज अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. आणि सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात नेत्रविभाग आहे. शाळेत ‘ढापण्या’, ‘चष्मिश’, ‘बॅटरी’ या पदव्या मिळणार, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ज्या घरात चष्मा हा शोकाचा विषय नाही, दप्तर आणि चपला यांसारखाच अंगवळणी पडला आहे, त्या घरातले मूल या पदव्या हसून परत करते. जूनमध्ये बालवाडीत नाव घालण्यासाठी आपण जन्माचा दाखला शोधतो, लसीकरणाचे कार्ड शोधतो. त्याच कागदांच्या थप्पीत नेत्रतपासणीची एक चिठ्ठी ठेवण्याचा शिरस्ता प्रत्येक घराने पाडला, तर मुदत टळून गेल्यावर हळहळण्याची वेळ फारच थोड्यांवर येईल.