वहीतले संगीत आणि सभागृहातले संगीत

पाश्चात्त्य संगीतातील स्त्री-रचनाकारांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : बायकांमध्ये एखादा बीथोव्हन का झाला नाही? विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असते. पण प्रश्न गांभीर्याने घेतला तर त्याचे उत्तर प्रतिभेपेक्षा व्यवस्थेत अधिक सापडते, आणि त्यासाठी त्या संगीताची घडण थोडी पाहावी लागते.

आपल्याकडे गाणारा आणि रचणारा यांच्यामध्ये भिंत नाही. हुबळीच्या गंगूबाई हनगल किंवा गोव्याच्या केसरबाई केरकर गुरूकडून मिळालेली बंदिश गात, पण तिच्याभोवतीचा राग दर बैठकीत त्याच घडवीत. त्याला तंबोरे, तबला आणि सारंगी किंवा पेटी एवढा सरंजाम पुरत असे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे तसे नाही. साठ-सत्तर वादकांपैकी प्रत्येकाने कोणत्या क्षणी कोणता स्वर किती जोराने वाजवायचा, हे रचनाकार आधी कागदावर लिहून ठेवतो. संगीतिकेत, म्हणजे ऑपेरात, यावर गायक, समूहगायक, नेपथ्य आणि नाट्यगृह यांची भर पडते. एखादे गीत किंवा पियानोची रचना दिवाणखान्यात लिहून तेथेच वाजवून पाहता येते. सिंफनी वाजवून पाहायला वाद्यवृंद हवा, आणि तो दरबाराच्या, संस्थेच्या किंवा नाट्यगृहाच्या ताब्यात. रंगमंचावर गाणाऱ्या स्त्रीला युरोपने डोक्यावर घेतले. त्या रंगमंचासाठी लिहू पाहणारीला मात्र तो सहसा मिळत नसे.

अलीकडे युरोप-अमेरिकेत केवळ स्त्रियांच्या वाद्यवृंद-रचना आणि संगीतिकांतील प्रवेश यांची एखादी दुपार योजली जाते, ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी. आपण अशा दुपारचा क्रम येथे कल्पू : आधी ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाची नांदी, मग सिंफनी, मध्यंतरानंतर संगीतिका.

नांदी फानी मेंडेल्सोनची घ्यावी. ही प्रसिद्ध फेलिक्स मेंडेल्सोनची थोरली बहीण. दोघांचे शिक्षण एकाच गुरूकडे झाले. पुढे संगीत हा भावाचा व्यवसाय होईल आणि बहिणीचा केवळ अलंकार, असे वडिलांनी ठरवून टाकले. तिची सहा गीते फेलिक्सच्या नावावर छापली गेली. १८४२ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने त्यांतलेच एक आवडीने गाऊन दाखवले, तेव्हा हे माझ्या बहिणीचे आहे, असे कबूल करण्याची पाळी फेलिक्सवर आली. फानीने १८३२ च्या सुमारास एक ओव्हर्चर लिहिले. बर्लिनमधल्या तिच्या घरी रविवारी मैफली होत असत. १८३४ च्या जूनमध्ये बाहेरचा एक वाद्यवृंद त्या घरी आला असता ते ओव्हर्चर वाजवले गेले, आणि संचालकाने छडी तिच्याच हाती दिली. भावाला लिहिलेल्या पत्रात ती सांगते की, आपण फार संकोचलो. पण दोन वर्षांनी आपली रचना ऐकताना सारे जसे आठवत होते तसेच निघाले, याचा तिला फार आनंद झाला. दोन वर्षे! मनातल्या मनात ऐकण्यावरच जिला भागवावे लागते, तिने दुसरे ओव्हर्चर का लिहिले नाही, हे विचारायला नको.

सिंफनीसाठी पॅरिसच्या लुईझ फारांक यांची निवड सहज होईल. १८४२ पासून तीस वर्षे त्या तेथील सरकारी संगीत-विद्यालयात पियानोच्या प्राध्यापिका होत्या. त्यांच्या तिसऱ्या सिंफनीचा प्रयोग १८४९ मध्ये त्याच विद्यालयाच्या नामांकित वाद्यवृंदाने केला. दारापर्यंत पोचलेली ही बाई! तरीही तिन्ही सिंफनी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत, आणि यजमान स्वतः संगीताचे प्रकाशक. वेतनही पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी होते. १८५० मध्ये त्यांची नऊ वाद्यांची रचना गाजली. व्हायोलिनवर तरुण योआखिम होता. त्या यशानंतर त्यांनी संचालक ओबेर यांना पत्र लिहून बरोबरीचे वेतन मागितले आणि मिळवले. आपल्या प्राध्यापकवर्गाला ही हकीकत विशेष रुचावी.

वेळ उरला तर अमेरिकेच्या फ्लॉरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी. १९३३ मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाने ती वाजवली; नामांकित वाद्यवृंदाने सादर केलेली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीची ती पहिली सिंफनी. १९५३ मध्ये त्या वारल्या. त्यांची अनेक हस्तलिखिते २००९ मध्ये, सेंट अ‍ॅन या गावच्या एका पडक्या घरात सापडली. पूर्वी उन्हाळ्यात त्या तेथे राहत.

मध्यंतरानंतर संगीतिका. स्त्रीने लिहिलेली, आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संगीतिका फ्रांचेस्का काच्चीनीची. ती १६२५ मध्ये फ्लॉरेन्समध्ये झाली, आणि शेवटी घोड्यांचे नृत्यही होते. हे तेव्हाच कसे जमले? कारण राजपुत्र अज्ञान असल्याने तेथील कारभार त्याची आई व आजी पाहत होत्या. रंगमंच ज्यांच्या हातात, त्यांनीच काम सांगितले होते.

त्या मानाने एथेल स्माइथला प्रत्येक पायरी भांडून चढावी लागली. ‘द रेकर्स’ ही तिची सर्वांत दमदार संगीतिका. कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावरील गावकरी वादळात दीप विझवून जहाजे फोडतात आणि लुटतात. शिवाय ही देवाचीच कृपा, असेही मानतात. धर्मोपदेशकाची बायको आणि तिचा प्रियकर गुपचूप जाळ पेटवून जहाजांना सावध करतात. गाव त्यांना भरतीच्या पाण्यात बुडण्यासाठी गुहेत कोंडते. यातील समुद्र वाद्यवृंदात आहे, आणि गावाचा दांडगावा समूहगायनात. दुसऱ्या अंकाचा पूर्वरंग स्वतंत्रपणेही वाजवला जातो. आपल्या दुपारी तो हवाच.

पहिला प्रयोग ११ नोव्हेंबर १९०६ रोजी लाइपझिगला जर्मन भाषेत झाला. टाळ्या पुष्कळ पडल्या, परंतु तिसऱ्या अंकाची बेसुमार काटछाट झाली होती. वगळलेला भाग परत घ्या, असे स्माइथने बजावले. नकार येताच तिने दुसऱ्या दिवशी वाद्यवृंदाच्या जागी जाऊन एकेका वादकाच्या घडवंचीवरचे कागद गोळा केले आणि गाव सोडले. पुढचे प्रयोग अर्थातच बंद! लंडनला पूर्ण प्रयोग व्हायला १९०९ साल उजाडले. तो टॉमस बीचम यांनी बसवला.

हीच स्माइथ स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१२ मध्ये तुरुंगात गेली. अंगणात कैदी स्त्रिया तिचेच संचलनगीत गात असताना ती खिडकीतून दात घासण्याच्या ब्रशने ताल देत होती, असे भेटीला गेलेल्या बीचमनी लिहून ठेवले आहे. आख्यायिका गोड आहे, पण माझ्या मते त्या ब्रशाने तिच्या संगीताचे नुकसानच केले. ब्रश सर्वांना ठाऊक असतो, तिसरा अंक कोणाला ठाऊक नसतो. २०२२ मध्ये इंग्लंडच्या ग्लाइंडबर्नने ही संगीतिका मूळ फ्रेंच संहितेनिशी बसवली.

तिच्याच ‘डेर वाल्ड’ या छोट्या संगीतिकेचा प्रयोग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९०३ मध्ये झाला होता. स्त्रीने लिहिलेली दुसरी संगीतिका त्या रंगमंचावर आली ती २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे ११३ वर्षांनी : फिनलंडच्या कैया सारियाहो यांची ‘लामूर द ल्वँ’, न पाहिलेल्या स्त्रीवर जीव जडलेल्या मध्ययुगीन कवीची कथा. १० डिसेंबरला, शनिवारी दुपारी, तिचा प्रयोग चित्रपटगृहांतून देशोदेशी थेट दाखवला गेला. वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभ्या होत्या सुसाना माल्की.