अंगणातले ॲव्होकॅडो आणि ताटातली शेंग

वर्षावासातला रविवार होता. विहारात वंदना झाली, धम्मदेसना झाली आणि चहा घेऊन मंडळी पांगू लागली. तेवढ्यात एका उपासिकेने पिशवीतून काचेचा पेला बाहेर काढला. पेल्यात पाणी, पाण्यावर चार काड्यांच्या आधाराने टेकवलेले मोठे तपकिरी बी, आणि त्यातून वर आलेला वीतभर कोंब.

"ताई, आमच्या मालकांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. कुणीतरी सांगितलं, ॲव्होकॅडो खाऊ घाला. एकच आणलं, लई महाग. बी टाकवंना, म्हणून उगवून बघितलं. आता अंगणात लावू का?"

मी विचारले, "फळ कुणी खाल्लं?"

"मालकांनी आणि दोन्ही पोरांनी."

"आणि तुम्ही?"

ती हसली. "मला बी आलं की वाट्याला."

या लेखाचा विषय तिचा प्रश्नही आहे आणि तिचे उत्तरही. ॲव्होकॅडो सोलापुरात लावावे का, कसे लावावे, ते फळ येईपर्यंत काय खावे आणि घरात ते कुणी खावे, हे आज पाहू.

फळात आहे तरी काय?

ॲव्होकॅडोला कोणी बटर फ्रूट म्हणते, कोणी लोणीफळ. नाव अगदी बरोबर आहे. बहुतेक फळांत साखर असते, यात मात्र स्निग्धांश असतो. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, सुमारे ७ ग्रॅम तंतू आणि १६० कॅलरी मिळतात. पोटॅशियम आणि फोलेटही चांगले असते. यातला बराचसा स्निग्धांश ओलिक आम्लाच्या रूपात असतो. वनस्पती तूप, वारंवार तापवलेले तळणीचे तेल, साईचे पदार्थ यांच्या जागी अशी चरबी पोटात गेली तर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. 'जागी' हा शब्द मात्र नीट लक्षात घ्या. रोजची भजी आणि वडापाव तसाच ठेवून वर ॲव्होकॅडो खाल्ले, तर फक्त वजन वाढेल. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती फळाच्या भरवशावर बंद करू नये.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे फळ खाऊ नये. त्यातले पोटॅशियम त्यांच्या शरीराबाहेर पडत नाही आणि ते हृदयाला घातक ठरू शकते.

परदेशी झाड म्हणून नाक मुरडू नये

ॲव्होकॅडो मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे. पण आपल्या ठेच्यातली मिरची, पेरू, सीताफळ आणि शेंगदाणासुद्धा अमेरिका खंडातूनच इथे आले. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची व्यवस्था सांगितली आहे. ज्या ठिकाणी औषधी वनस्पती, कंदमुळे आणि फळे नव्हती, तिथे ती बाहेरून आणून लावली, अशी नोंद त्यात आहे. तेव्हा झाड कुठून आले, यापेक्षा ते इथे तगेल का आणि लोकांच्या उपयोगी पडेल का, हे विचारणे हीच आपली परंपरा.

भारतात ॲव्होकॅडो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेमार्गे आले. कर्नाटकातला कोडगू, केरळचा वायनाड, तमिळनाडूतले निलगिरी आणि कोडाईकनालचे डोंगर इथे ते रुजले. कोडगूत कॉफीच्या मळ्यांत ही झाडे उभी असतात. तिथेच चेट्टळ्ळी येथे भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि या फळावर तिथे काम चालते. म्हणजे भरपूर पाऊस, दमट हवा, निचऱ्याची आंबटसर माती आणि मोठ्या झाडांची सावली हे त्याचे माहेर.

सोलापुरात अडते कुठे?

आपल्याकडे नेमके उलटे आहे. पहिली अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कोरडा वारा सुटतो. कोवळी पाने करपतात, साल उन्हाने भाजते, मोहोर गळतो.

दुसरी अडचण मातीची. आपली काळी माती चुनखडीची आणि चिकण. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते. ॲव्होकॅडोची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात आणि साचलेल्या पाण्यात ती बुरशीने कुजतात. हे झाड तहानेने जेवढे मरते, तेवढेच लाडाने जास्त पाणी घातल्यानेही मरते.

तिसरी अडचण खाऱ्या पाण्याची. बोअरचे मचूळ पाणी या झाडाला सोसत नाही. पानांची टोके तपकिरी होऊन वाळू लागली की क्षार जास्त झाले असे समजावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी तर याला मुळीच घालू नये, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

चौथी अडचण वेळेची. बीपासून वाढलेल्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षे सहज लागतात, कधी त्याहूनही जास्त. आणि येणारे फळ आईसारखेच असेल याची खात्री नसते. कलमी रोपाला साधारण तीन-चार वर्षांत फळ धरू शकते.

तरीही लावायचे असेल तर

हे सगळे ऐकूनही हौस उरली असेल तर जरूर लावा. पण फळाची घाई न धरता, पुढीलप्रमाणे करा.

१. पेल्यातल्या बियाची मुळे चार-पाच इंच झाली की ते कुंडीत लावा. बियाचा वरचा भाग मातीबाहेर राहू द्या. पोरांना झाड कसे उगवते हे दाखवायला हे रोप उत्तम. फळ हवे असेल तर मात्र खात्रीच्या रोपवाटिकेतून कलमी रोप घ्या. वेस्ट इंडियन गटातल्या जाती, उदाहरणार्थ पोलॉक, उष्णता आणि क्षार थोडे जास्त सोसतात. बाजारात मिळणारे खडबडीत काळपट सालीचे हास हे आपल्या उन्हात अवघड.

२. जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर लावा. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. निघालेल्या मातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळा. खड्डा भरून वर फूटभर उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे.

३. भिंतीपासून आणि संडासाच्या टाकीपासून दहा-बारा फूट अंतर ठेवा. एवढी जागा नसेल तर २०० लिटरचा पिंप अर्धा कापून, तळाला भरपूर भोके पाडून त्यात लावा. पिंपात झाड लहान राहते आणि फळे थोडी येतात किंवा येतही नाहीत, हे आधीच समजून घ्या.

४. पहिली दोन-तीन वर्षे मार्च ते जून हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी बांधून दुपारची सावली करा. खोडाला पातळ चुना लावा. आळ्यात उसाचे पाचट किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका.

५. बोट दोन पेरे मातीत घालून पाहा. कोरडे लागले तरच पाणी द्या. आपल्या नळाला रोज पाणी येत नाही. हक्काच्या पाण्यासाठी ज्या समाजाला १९२७ साली महाडला जावे लागले, त्याला पाण्याचे मोल कोणी सांगायला नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी झाडाला चालते, साबणाचे नको.

६. याचे फूल दोनदा उमलते, आधी मादी म्हणून, मिटते, आणि पुन्हा नर म्हणून. काही जातींत मादी फूल सकाळी उमलते, काहींत दुपारी. त्यामुळे दोन वेगळ्या जातींची झाडे जवळ असतील तर फळ जास्त धरते. एका अंगणात दोन झाडे मावत नाहीत, पण एक आपल्या दारी आणि एक विहाराच्या आवारात मावते. मधमाश्या यायच्या तर मोहोरावर कीटकनाशक मारू नका.

७. फळ झाडावर मऊ होत नाही. पूर्ण वाढले की तोडून घरात ठेवावे, आठवडाभरात मऊ पडते.

शेळीला पाला घालू नका

ही सूचना वेगळी दिली, कारण आपल्या अनेक वस्त्यांत दारात शेळी असते. ॲव्होकॅडोच्या पानांत पर्सिन नावाचे द्रव्य असते. पाला खाल्ल्याने शेळीची कास सुजते, दूध आटते आणि हृदयावर परिणाम होऊन ती दगावूही शकते. गाय, घोडा, पिंजऱ्यातले पक्षी यांनाही ते घातक आहे. छाटलेल्या फांद्या उघड्यावर टाकू नका, आणि शेळीची झेप पोहोचेल अशा जागी हे झाड लावूच नका. बाईमाणसाच्या हातात खेळणारा पैसा कित्येकदा त्या एका शेळीचाच असतो.

तोवर काय खायचे?

आता हिशेब पाहा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १४-१५ ग्रॅम स्निग्धांश आणि १७० कॅलरी असतात. म्हणजे १०० ग्रॅम ॲव्होकॅडोएवढेच. त्यातलाही जवळपास निम्मा स्निग्धांश त्याच ओलिक आम्लाचा. शिवाय सातेक ग्रॅम प्रथिने, जी ॲव्होकॅडोत फारशी नसतात. तंतू मात्र कमी पडतात. ते मंगळवेढ्याची ज्वारी भरून काढते. तिच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे सोलापूरचे जेवण. ज्याला आपण गरिबाचे ताट म्हणून पाहुण्यांपुढे लपवतो, तेच ताट आज डॉक्टर चांगले म्हणतात. फक्त रक्तदाब असेल तर चटणीत मीठ कमी घाला, आणि बुरशी आलेले, कडू लागणारे दाणे निवडून फेकून द्या.

अंगणात एकाच झाडाची जागा असेल, तर मी शेवगा लावायला सांगेन. आपल्या उन्हात तो तगतो, पाणी थोडे लागते, आणि पीकेएम-१ सारख्या जातीला सहा-आठ महिन्यांत शेंगा येतात. त्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व बनवणारे घटक आहेत. दारात शेवगा असू नये, असे काही घरांत अजून सांगतात. त्यात अपशकुन काही नाही. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, पोरे चढली तर पडतात, आणि कधी सुरवंट होतात. कारण कळले की भीती जाते. झाड कमरेएवढे असताना शेंडा खुडावा, म्हणजे ते बुटके राहते आणि पाला हाताशी येतो.

हे शेवग्याचे मी मुद्दाम त्या ताईंसाठी लिहिते आहे. त्या दिवशी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरट होती. जिना चढताना धाप लागते, असेही मग त्यांनी सांगितले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. ॲव्होकॅडोत लोह अगदी थोडे असते. म्हणजे घरात मालकांसाठी महागडे फळ आले, पण जिला खरी गरज होती तिच्या गरजेचे काहीच आले नाही. त्यांना मी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासायला सांगितले. तिथे लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने राहावे. ही बरोबरी सभेत टाळ्या वाजवून येत नाही. ती ताटात वाढताना दिसली पाहिजे. फळ एक असेल तर त्याच्या चार फोडी करा. भाजी थोडी असेल तर सगळ्यांना थोडी वाढा. शेवटी जेवणारी बाई ही आपल्या घरातली जुनी रूढी आहे आणि इतर रूढींसारखी तीही मोडायची आहे.

त्या ताईंचे रोप आता विहाराच्या मागच्या बाजूला, शेळीपासून दूर, कडुनिंबाच्या सावलीकडेला लावले आहे. पोरे पाळीपाळीने पाणी घालतात. फळ येईल तेव्हा येईल. त्यांच्या अंगणात मात्र आम्ही शेवग्याची बी टोकली आणि दिवाळीच्या आत पाल्याची पहिली भाजी झाली. त्या भाजीच्या दिवशी ताई सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या, असे त्यांच्या धाकट्याने मला येऊन सांगितले.

जय भीम! नमो बुद्धाय!