वारसा, निष्ठा आणि प्रेक्षकांचा आवाज

दूरचित्रवाणीवरील एखाद्या गुन्हेमालिकेतून निघालेली उपमालिका मूळ मालिकेच्या तोडीची आहे की नाही, यावर सुशिक्षित माणसांनी वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घालावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. महागाई, बेकारी, शिक्षणाची दुरवस्था असे प्रश्न पुढ्यात असताना एका काल्पनिक वकिलाच्या कथेवरून कंठशोष करणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग होय, असे कोणी म्हटले तर त्याला चटकन उत्तर देणे कठीण आहे. तथापि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा वाद वाटतो तितका पोरकट वाटत नाही. बाजारात येणाऱ्या वस्तूचा कस कोणी ठरवायचा, आणि तो घसरू लागला तर ग्राहकाच्या हाती नेमके कोणते साधन उरते, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. तो केवळ मालिकांचा नाही. शाळा, दवाखाने, आगगाड्या आणि वर्तमानपत्रे यांनाही तो तितकाच लागू पडतो.

अलीकडच्या काळातील या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. एएमसी या वाहिनीवर २००८ ते २०१३ या काळात ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका झाली. कर्करोगाने ग्रासलेला रसायनशास्त्राचा एक शाळामास्तर कुटुंबाच्या भवितव्यासाठी म्हणून अमली पदार्थ बनवू लागतो आणि हळूहळू त्या धंद्यातला निर्दय धनी बनतो, अशी तिची कथा. तिच्या दुसऱ्या पर्वात, २००९ मध्ये, सॉल गुडमन नावाचा एक भडक कपड्यांतला, वाचाळ आणि बेरकी वकील अवतरला. त्याच्याच पूर्वायुष्यावर व्हिन्स गिलिगन व पीटर गूल्ड यांनी ‘बेटर कॉल सॉल’ ही उपमालिका रचली. ती फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. मूळ मालिकेचे भाग ६२, उपमालिकेचे ६३. यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर चाहत्यांत जे दोन तट पडले ते अद्याप एक झालेले नाहीत.

नावावर काढलेले कर्ज

निर्माते उपमालिका काढतात तरी कशासाठी? कलाप्रेमाने काढतात असे मानण्याइतके भाबडे राहण्याचे कारण नाही. मालिका ही अशी वस्तू आहे की, ती उपभोगल्याखेरीज तिचा दर्जा कळत नाही. आंबा हुंगून घेता येतो, कापड चिमटीत धरून पाहता येते. पण ६३ भागांची मालिका बरी की वाईट हे ठरवायला प्रेक्षकाला आधी काही संध्याकाळी खर्ची घालाव्या लागतात. नव्या मालिकेपाशी तो म्हणूनच बिचकतो, आणि नव्या मालिका मोठ्या संख्येने बुडतात. उपमालिका हा या जोखमीवरचा उतारा आहे. ओळखीचे नाव, ओळखीचे शहर, ओळखीचा एखादा चेहरा दिसला की प्रेक्षक आपण होऊन दार उघडतो. ‘बेटर कॉल सॉल’चा पहिला भाग प्रक्षेपित होण्याच्या कितीतरी आधी, २०१४ मध्येच, वाहिनीने तिच्या दुसऱ्या पर्वाला मान्यता देऊन टाकली होती. अनोळखी कथेच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते.

अर्थात उपमालिका म्हणजे मूळ मालिकेच्या नावावर काढलेले कर्ज होय. ते उत्पादक कामी लावायचे की उधळून टाकायचे, हे कर्ज घेणाऱ्याच्या वकुबावर अवलंबून असते. दोन्ही प्रकारची उदाहरणे विपुल आहेत. ‘लॉ अँड ऑर्डर’ ही मालिका १९९० मध्ये सुरू झाली. तिची ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ ही शाखा १९९९ मध्ये निघाली. २०१० मध्ये मूळ मालिका बंद पडली, २०२२ मध्ये पुन्हा उभी राहिली. शाखा मात्र या सगळ्या काळात अखंड चालू राहिली. मुलीने आईचा संसार सांभाळावा तशातला हा प्रकार. उलट ‘क्रिमिनल माइंड्स’ या लोकप्रिय मालिकेची ‘सस्पेक्ट बिहेवियर’ ही शाखा २०११ मध्ये निघाली आणि फॉरेस्ट व्हिटेकर यांच्यासारखा ऑस्करविजेता नट असूनही अवघ्या १३ भागांत आटोपली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायलाही हाताला वळण लागते, एवढाच याचा अर्थ.

जाणे आणि बोलणे

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक छोटे पण फार मोलाचे पुस्तक लिहिले. वस्तूचा वा संस्थेचा दर्जा घसरू लागला की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात, असे त्याने दाखवून दिले. एक, निमूटपणे निघून जाणे. दुसरा, थांबून आवाज उठवणे. यांपैकी कोणता मार्ग माणूस पत्करील हे बऱ्याच अंशी त्याच्या निष्ठेवर ठरते. ज्याला त्या वस्तूविषयी ममत्व नाही तो निघून जातो. ज्याला आहे तो भांडतो. हिर्शमनला हा विचार नायजेरियातील रेल्वेवरून सुचला होता. तेथे मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वेचा कारभार सुधारेना. कारण ज्यांना चांगल्या सेवेची खरी चाड होती आणि ज्यांनी तक्रारी करून कारभाऱ्यांना हैराण केले असते, तेच गिऱ्हाईक आधी मोटारींकडे निघून गेले. मागे उरले ते न बोलणारे.

हे तत्त्व दूरचित्रवाणीला लावून पाहावे. वाहिन्या प्रेक्षक मोजतात. आपल्याकडेही २०१५ पासून ‘बार्क’ ही संस्था हे काम करीत आली आहे. पण ही मोजणी फक्त कोण आले आणि कोण गेले, एवढेच सांगते. का गेले ते सांगत नाही. शिवाय चोखंदळ प्रेक्षक आधी उठून गेला आणि सवयीने पडद्यासमोर बसणारा तेवढा उरला, तर कस उतरत जाऊनही आकडे काही काळ शाबूत दिसतात. वर्गात हजेरीपट भरलेला असावा आणि शिकवणे मात्र कधीच थांबलेले असावे, तशी ही अवस्था. हजेरीपट आणि अध्यापन यांतील हे अंतर शिक्षकवर्गाला अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

चाहत्यांचा वाद ही उणीव भरून काढतो. तो ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देतो. उपमालिकेच्या बाबतीत तर त्याला विशेष महत्त्व आहे, कारण येथे प्रेक्षक जी निष्ठा घेऊन येतो ती नव्या मालिकेने कमावलेली नसते. वारशाने तिच्या पदरात पडलेली असते. निष्ठावंत लवकर उठून जात नाही. ‘बेटर कॉल सॉल’ संपूर्ण पाहायची तर सुमारे पन्नास तास लागतात. नोकरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे एका आठवड्याच्या कामाहून अधिक होते. इतका वेळ उधार देणाऱ्याने हिशेब मागितला, तर त्याला रिकामटेकडा म्हणणे न्यायाचे नाही.

दोन्ही पक्षांचे म्हणणे

आता या खटल्यातील दोन्ही बाजू पाहू. विरुद्ध पक्षाचा मुख्य आक्षेप संथपणाचा. मूळ मालिकेत प्रत्येक भागागणिक जीवनमरणाचा प्रश्न उभा राहत असे. येथे नायक वृद्धाश्रमातील म्हाताऱ्यांची मृत्युपत्रे करीत हिंडतो. दुसरा आक्षेप असा की, पूर्वकथेत उत्कंठा कशी राहणार? सॉल जगणार आहे, माइक जगणार आहे, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

हे आक्षेप वजनदार आहेत, पण निर्णायक नाहीत. वृद्धाश्रमाचेच उदाहरण घ्या. साध्या साध्या वस्तूंसाठी तेथील वृद्धांच्या माथी अवाच्या सवा दर मारले जात आहेत, हे जिमी मॅकगिल (सॉलचे मूळ नाव) बिलांवरून ताडतो आणि कचऱ्यात फेकलेल्या कागदांच्या चिंध्या जुळवून पुरावा उभा करतो. पुढे तो आपल्या थोरल्या भावाला नामोहरम करण्यासाठी एका बँकेच्या कागदपत्रांतील पत्ता बदलतो: १२१६ चे १२६१. दोन आकड्यांची अदलाबदल, कात्री, गोंद आणि झेरॉक्सचे यंत्र, एवढीच त्या गुन्ह्याची सामग्री. ज्यांचे आयुष्य जावक-आवक नोंदीत आणि ताळेबंद जुळवण्यात गेले आहे, त्यांना या दोन आकड्यांतील भीषणता पिस्तुलाच्या बारापेक्षा अधिक जाणवावी. गुन्हा बहुधा असाच घडतो: टेबलावर, कागदावर, आणि आपण काही फार वाईट करीत नाही अशा समजुतीत.

उत्कंठेविषयी म्हणायचे तर, मालिकेने त्यावर जो तोड काढला तो वाखाणण्याजोगा आहे. किम वेक्सलर ही वकील स्त्री मूळ मालिकेत कोठेच नव्हती. तेव्हा तिचे काय झाले असेल, हा घोर प्रेक्षकाला शेवटपर्यंत लागून राहतो. काय होणार हे ठाऊक असलेल्या कथेत कोणाचे काय होणार हे अज्ञात ठेवून लेखकांनी आक्षेपाची धार बोथट केली. शेवटी तर सात वर्षांच्या शिक्षेवर सौदा पटलेला असताना नायक भर न्यायालयात सत्य सांगतो आणि ८६ वर्षांची शिक्षा ओढवून घेतो. उपमालिका मूळ मालिकेची नक्कल न राहता तिच्यावरचे भाष्य होते ती येथे.

म्हणून उपमालिका पारखताना ‘ती आधीच्यासारखी आहे काय?’ हा गज उपयोगाचा नाही. तो लावला तर नक्कल उत्तीर्ण होईल आणि स्वतंत्र निर्मिती नापास. ‘ती पाहिल्यावर आधीची मालिका वेगळी, अधिक खोल दिसू लागते काय?’ हा खरा निकष होय. सॉलचे विनोद आज पुन्हा पाहताना त्यांमागची भावाची, किमची जखम दिसते. कर्ज व्याजासह परत फेडले गेले ते असे. अधिकृत परीक्षकांचा कौल येथे फारसा उपयोगी पडत नाही: या मालिकेला एमी पुरस्काराची ५३ नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही नाही.

आवाजाचे भान

मात्र चाहत्यांचा आवाज नेहमी सुजाणच असतो असे नव्हे. त्याची काळी बाजूही याच घराण्यात पाहायला मिळते. ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये मास्तरच्या पत्नीचे काम करणाऱ्या ॲना गन या अभिनेत्रीने २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून, त्या पात्राविषयीचा प्रेक्षकांचा द्वेष आपल्या स्वतःवर कसा उलटला हे जगापुढे मांडले. नवऱ्याच्या गुन्ह्याला विरोध करणारी स्त्री प्रेक्षकांना खलनायिका वाटावी, हे समीक्षेचे नव्हे, विकाराचे लक्षण आहे. वाद कलाकृतीशी असावा. नटनटींच्या अंगावर धावून जाणारा आवाज लेखकाला काहीही शिकवू शकत नाही.

आणि आपल्याकडे? मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांची जोडी जमली होती. पुढे १९९८ पासून तीच जोडी ‘सीआयडी’मधून घरोघरी पोहोचली. ही मालिका २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा परतली. दाराला लाथ घालण्याच्या आणि बोटे फिरवण्याच्या नकला आपण उदंड केल्या, हसलो, प्रेमही केले. पण २००४ मध्ये निघालेली तिची ‘स्पेशल ब्युरो’ ही शाखा किती जणांना आठवते? ती कोठे कमी पडली यावर आपण कधी कडाडून भांडलो काय? नाटकाच्या मध्यंतरात चहाचा कप हाती धरून दुसऱ्या अंकाची चिरफाड करणारा मराठी प्रेक्षक घरच्या पडद्यापुढे मात्र मुका होतो. मालिका आवडेनाशी झाली की तो वाहिनी बदलतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कुरकुरत तीच पाहत राहतो. पहिल्याने निर्मात्याला केवळ एक आकडा कळतो, दुसऱ्याने तेवढेही नाही.

म्हणून परदेशातील चाहत्यांच्या या वादाकडे तुच्छतेने पाहण्याऐवजी त्यातून एक धडा घेतलेला बरा. ज्या वस्तूवर आपण वेळ खर्च करतो तिच्याविषयी सकारण बोलण्याची सवय ही लहान गोष्ट नाही. काल्पनिक वकिलाविषयी पुरावे देऊन, प्रतिपक्षाचे ऐकून घेऊन, निकष तपासून वाद घालणारा माणूस उद्या पाठ्यपुस्तकाविषयी, दवाखान्याविषयी, नगरपालिकेच्या पाण्याविषयीही तसाच बोलू शकेल. निमूटपणे उठून जाणाऱ्यांच्या समाजात उत्तम फार काळ टिकत नाही. ते टिकवतात थांबून भांडणारे.