विश्लेषण : कुंडीतली भाजी का फसते? रोप उपटण्यापूर्वी काय तपासावे?

गणपतीच्या सुमारास टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपे हौसेने घरी आणली जातात. दिवाळीपर्यंत काहींची पाने गुंडाळलेली असतात, काहींनी एका दुपारीत मान टाकलेली असते, तर काही फुलांनी भरूनही फळ धरत नाहीत. मग ‘आमच्या हाताला यशच नाही’ असे म्हणून रिकाम्या कुंड्या एकात एक रचून ठेवल्या जातात. प्रत्यक्षात या अपयशामागची कारणे मोजकी असतात आणि त्यातली बरीचशी घरच्या घरी ओळखता येतात. कोणते रोप वाचवता येते, कोणते सोडून द्यावे आणि पुन्हा सुरुवात कुठून करावी, याविषयी...

शेतात तगणारे रोप कुंडीत का मरते?

जमिनीत मुळांना पाणी शोधत खोलवर जाता येते. कुंडीत त्यांच्या वाट्याला १०-१५ लिटर माती येते. पाणी, खत, उष्णता यांचा कमी-जास्तपणा सहन करण्याची या मातीची ताकद कमी असते. काळी प्लास्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग एप्रिलच्या उन्हात सिमेंटच्या गच्चीवर ठेवली, तर मुळेही तापतात. म्हणून टोमॅटो-वांग्याला साधारण २० लिटरची, मिरचीला १०-१२ इंचांची कुंडी घ्यावी. मेथी, पालक, कोथिंबिरीला मात्र ६-८ इंच खोलीचा ट्रेही पुरतो.

रोपाने मान टाकली म्हणजे पाणी हवे का?

दरवेळी नाही. पाणी कमी पडले तरी रोप मलूल होते आणि जास्त झाले तरीही. म्हणून झारी उचलण्यापूर्वी दोन पेरे बोट मातीत घालावे. कोकोपीट असलेल्या कुंडीचा वरचा थर कोरडा दिसतो, पण आत ओल असते.

- आत कोरडे असेल, तर तळातून पाणी निथळेपर्यंत सावकाश पाणी द्यावे.
- आत ओले असेल, तर मुळांना हवा मिळत नाही. पाणी थांबवावे, तळाची छिद्रे मोकळी करावीत, कुंडी विटांवर ठेवावी. पावसाळ्यात हे आधीच केलेले बरे.
- दुपारी मलूल झालेले रोप संध्याकाळी सावरत असेल, तर ती उन्हाची प्रतिक्रिया आहे. काही करण्याची गरज नाही.

माती ओलसर आहे, पाने हिरवीच आहेत आणि तरीही रोप संध्याकाळी सावरत नाही, तर मर रोगाची शंका घ्यावी. टोमॅटो, वांगी, मिरचीवर जिवाणूजन्य मर येते. ती ओळखण्यासाठी खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात अर्धवट बुडवून धरावा. काही मिनिटांत दुधासारखे धागे पाण्यात उतरू लागले, तर रोग पक्का. त्यावर इलाज नाही. रोप मुळांसकट काढून टाकावे, ते कंपोस्टमध्ये घालू नये.

फुले येतात, पण फळ का धरत नाही?

टोमॅटोच्या बाबतीत बहुधा हवामान आडवे येते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे २४-२५ अंशांच्या वर राहू लागले, की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले गळतात. त्यामुळे मार्चमध्ये लावलेल्या टोमॅटोला कितीही खत घातले तरी उपयोग होत नाही. तेच रोप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावले तर थंडीत फळते. उन्हाळ्यात त्याच कुंडीत भेंडी, गवार, चवळी घ्यावी.

दुसरे कारण परागीभवनाचे. वरच्या मजल्यावरच्या बंदिस्त बाल्कनीत मधमाश्या कमी फिरकतात. टोमॅटोचे फुललेले घोस सकाळी बोटाने हलकेच टिचकी मारून हलवले तरी काम होते. वेलभाज्यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. सुरुवातीला बहुतेक नर फुलेच येतात, त्यामुळे ती गळाली तर घाबरू नये. मादी फूल आल्यावर नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी लावावा. यात वेळ महत्त्वाची. काकडी, कारले, घोसाळ्याची फुले सकाळी उमलतात, तर दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. दुधीच्या वेलाजवळ सकाळी ब्रश घेऊन गेल्यास वेळ टळलेली असते.

टोमॅटोचे फळ धरले, पण तळाशी काळे पडले, तर ती बहुतेक वेळा कीड नसते. फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचे ते लक्षण आहे. अनेकदा त्याचे मूळ पाण्याच्या अनियमिततेत असते. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असे टाळावे. मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे.

ऊन पुरेसे आहे, हे कसे कळते?

फळभाज्यांना रोज ५-६ तास थेट ऊन लागते, पालेभाज्यांना ३-४ तास. सुट्टीच्या दिवशी दर तासाला पाहून नोंद केली की अंदाज येतो. मात्र ही नोंद ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते आणि उत्तरेची बाल्कनी सावलीत राहते. मुंबई-पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला सरकतो तो साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंतच, आणि त्यातला बराच काळ ढगांत जातो. अशा बाल्कनीत टोमॅटोचा हट्ट सोडून पुदिना, अळू लावणे शहाणपणाचे.

कीड दिसली, तर फवारणी करावी का?

आधी पान उलटून पाहावे. मावा आणि पांढरी माशी पानाखाली असतात. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला तरी मावा बराच कमी होतो. कापसासारखा मिलीबग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसावा. त्यानंतरही कीड राहिली, तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. आधी एका पानावर चाचणी घ्यावी. ढालकिडे आणि त्यांच्या काटेरी अळ्या दिसल्या तर मारू नयेत. त्या मावा खातात.

शेतीसाठीची रासायनिक कीटकनाशके बाल्कनीत आणू नयेत. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस थांबावे, हे त्यांच्या लेबलवर दिलेले असते. घरात रोज दोन मिरच्या तोडल्या जातात, तिथे ते पाळणे कठीण. शिवाय लहान मुले आणि शेजारची बाल्कनी हाताच्या अंतरावर असते.

मिरचीचा चुरडा-मुरडा झाला, तर आकसलेले शेंडे छाटून पंधरा दिवस वाट पाहावी. कारण फुलकिडे किंवा कोळी असेल आणि त्यांचा बंदोबस्त झाला, तर नवी पाने सरळ येतात. ती पुन्हा वाकडीच आली, तर विषाणूची शक्यता मोठी. रोप काढावे, म्हणजे शेजारची वाचतील.

खत घालूनही पाने पिवळी का?

जुनी, खालची पाने पिवळी पडली तर सहसा नत्र कमी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. मातीवर पांढरा थर दिसला तर क्षार साचले आहेत. अशा कुंडीत आणखी खत न घालता दोन-तीनदा भरपूर साधे पाणी देऊन ते निथळू द्यावे. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते कुंड्यांना घालू नये. भाज्यांची कच्ची सालेही थेट मुळाशी पुरू नयेत. ती कुजताना नत्र ओढून घेतात आणि चिलटे वाढतात. मातीचा वास येणारे, पूर्ण झालेले कंपोस्टच वापरावे.

रोप गेले, आता माती फेकावी का?

ऊन, पाणी, मावा किंवा पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणू यामुळे रोप गेले असेल, तर माती ठेवावी. मुळे काढून, एक तृतीयांश कंपोस्ट मिसळून ती पुन्हा वापरता येते. मर रोग झाला असेल किंवा मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असतील, तर मात्र धोका आहे. टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली असल्याने ती त्या मातीत पुन्हा लावू नयेत. गाठी असतील तर भेंडीही नको. एप्रिल-मेमध्ये अशी माती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ पसरून ४-६ आठवडे उन्हात तापवावी.

पुन्हा सुरुवात कशी करावी?

- पहिले पीक मेथीचे घ्यावे. बी आठवड्याच्या आत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत भाजी होते. फसले तरी महिनाच जातो.
- सगळे बी एकाच दिवशी पेरू नये. दर पंधरवड्याला थोडे पेरले की एका उन्हाच्या लाटेत सगळे जात नाही.
- एका वेळी एकच बदल करावा. खत, जागा आणि पाणी एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.
- पेरणी, पहिले फूल, पहिली कीड या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. पुढच्या वर्षी आपल्या बाल्कनीपुरते ते सगळ्यात खात्रीचे मार्गदर्शन असेल.